गजकर्ण का जात नाही: ट्यूब, कॅप्सूल आणि आठवड्यांचा हिशोब

जांघेत, कमरेभोवती, काखेत किंवा स्तनांखाली गोल चट्टा, कड लाल आणि खवलेदार, मधला भाग त्यामानाने साफ, आणि घाम आला की जीव नकोसा करणारी खाज. हे गजकर्ण, म्हणजेच नायटा. पूर्वी साधं मलम दोन-तीन आठवडे लावलं की ते जायचं. गेल्या दहा-बारा वर्षांत मात्र ते महिनोन् महिने रेंगाळतं, घरातल्या सगळ्यांना होतं, चेहऱ्यावर आणि कानावरही दिसतं. औषधं तर पूर्वीपेक्षा चांगली आहेत. बुरशी बदलली आहे हे खरं, त्याबद्दल पुढे लिहिलं आहे. पण बहुतेक घरांत उपचार त्याच्या कितीतरी आधी फसलेला असतो, आणि तो फसतो मेडिकलच्या काउंटरवर.

'खाजेची ट्यूब द्या' म्हटल्यावर जी ट्यूब हातात येते, ती उलटी करा आणि मागची बारीक अक्षरं वाचा. बऱ्याचदा तिथे असं काहीसं असतं: क्लोबेटासोल 0.05 टक्के, ऑफ्लॉक्सासिन, ऑर्निडाझोल, टर्बिनाफिन 1 टक्का. एका ट्यूबमध्ये चार औषधं. यातलं क्लोबेटासोल हे त्वचेवर लावायच्या स्टेरॉइडांमधल्या सर्वांत जहाल गटातलं. ऑफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल जिवाणू व परजीवींवरची, त्यांचा गजकर्णाशी काडीचा संबंध नाही. बुरशीवर काम करणारं औषध एकच, ते म्हणजे शेवटचं टर्बिनाफिन.

स्टेरॉइड लावल्यावर खाज एका रात्रीत थांबते आणि लाली उतरते, म्हणून माणसाला वाटतं की ट्यूब लागू पडली. प्रत्यक्षात लाली आणि खाज हा त्वचेने बुरशीशी चालवलेला झगडा असतो. स्टेरॉइड तो झगडाच बंद पाडतं. बुरशी शांतपणे पसरत राहते. चार दिवसांनी ट्यूब थांबवली की आठवडाभरात चट्टा आधीपेक्षा मोठा होऊन परत येतो, आणि पुन्हा तीच ट्यूब आणली जाते. असं काही महिने चाललं की चट्ट्याची ओळखीची गोल कड पुसट होते, किंवा एका गोलात दुसरा गोल असा विचित्र आकार दिसतो, आणि मग डॉक्टरलाही निदान अवघड जातं. जांघेतली त्वचा पातळ होऊन तिथे गरोदरपणात पोटावर पडतात तसे पट्टे उमटतात. ते आयुष्यभर राहतात, कुठल्याही मलमाने जात नाहीत. विशी-बाविशीतल्या मुलामुलींच्या मांड्यांवर असे पट्टे बघावे लागणं ही या सगळ्या प्रकरणातली सर्वांत वाईट गोष्ट आहे, कारण ती पूर्णपणे टाळता येण्यासारखी होती.

म्हणून ही नावं लक्षात ठेवा: क्लोबेटासोल, हॅलोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन. यातलं एकही नाव ट्यूबवर असेल तर ती गजकर्णावर लावायची नाही, बरोबर बुरशीचं कितीही चांगलं औषध मिसळलेलं असलं तरी. 2018 मध्ये केंद्र सरकारने त्वचेवर लावायची चौदा स्टेरॉइडं शेड्यूल एचमध्ये घातली, म्हणजे ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. तरीही ती सर्रास मिळतात, शेजारी देतात, भावाच्या खणात सापडतात.

ज्यांनी अशी ट्यूब महिनोन् महिने लावली आहे त्यांनी एक गोष्ट आधीच समजून घ्यावी. ती बंद केल्यावर पहिले एक-दोन आठवडे खाज आणि लाली वाढणार. नवीन औषध सोसत नाहीये असं समजून बरेचजण इथेच माघार घेतात. तो नव्या औषधाचा दोष नसतो. खाजेसाठी डॉक्टर रात्री सेटिरिझिन 10 किंवा लेव्होसेटिरिझिन 5 मिलिग्रॅम देतात, तेवढ्यावर हे दिवस निभतात. चेहऱ्यावर स्टेरॉइड लावलं असेल तर मात्र ते स्वतःच्या मनाने बंद न करता त्वचारोगतज्ज्ञाच्या देखरेखीखाली सोडलेलं बरं.

घरगुती उपायांबद्दल थोडक्यात. लसूण ठेचून बांधल्याने त्वचा भाजते, अक्षरशः फोड येतात. लिंबू, फिनेल, ब्लेडने खरवडणं यांनी जखम होते आणि त्यात जिवाणू शिरतात. जुन्या उपायांत तथ्य असलेलेही काही होते. एकोणिसाव्या शतकात गजकर्णावर 'गोवा पावडर' जगभर प्रसिद्ध होती. ब्राझीलमधल्या एका झाडाच्या खोडातली ही भुकटी पोर्तुगीज व्यापारातून गोव्यात आली आणि तिथलंच नाव तिला चिकटलं. तिच्यातलं क्रायसारोबिन खरोखर काम करायचं, पण त्वचा जाळायचं, कपडे कायमचे डागाळायचं आणि डोळ्यांत गेलं तर मोठी पंचाईत करायचं. आज त्याहून सौम्य आणि कितीतरी प्रभावी औषधं असताना त्या वाटेला जायचं कारण नाही.

औषध सुरू करण्याआधी हे गजकर्णच आहे ना, याची खात्री करणं फार स्वस्त आहे. चट्ट्याच्या बाहेरच्या, वाढत्या कडेवरून बोथट पात्याने थोडे खवले काढतात, काचेवर घेऊन 10 टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकतात आणि दहा-वीस मिनिटांनी सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. पेशी विरघळून पारदर्शक होतात आणि त्यांच्यातून जाणारे बुरशीचे लांब, फाटे फुटलेले तंतू स्पष्ट दिसतात. खवले मधून घेतले तर बुरशी सापडत नाही, कारण ती कडेला असते. आदल्या दिवसापर्यंत मलम चोपडलेलं असेल तरीही तपासणी खोटी 'नाही' सांगते. शक्य असेल तर तपासणीआधी आठवडाभर काही लावू नये. सोरायसिस आणि इसब गजकर्णासारखेच दिसू शकतात, म्हणून ही तपासणी महत्त्वाची.

पाठीवर, छातीवर, मानेवर पांढुरके किंवा तपकिरी बारीक खवल्यांचे ठिपके असतील, खाज फारशी नसेल, तर ती शिबं. तीही बुरशीचीच, पण वेगळ्या जातीची, आणि तिच्यावर टर्बिनाफिनच्या गोळ्या चालत नाहीत. 2 टक्के केटोकोनाझोलचा शॅम्पू अंगाला लावून पाच मिनिटं ठेवून धुवायचा, असे काही दिवस केले की ती जाते. बुरशी मेल्यावरही पांढरे डाग काही महिने राहतात. डाग दिसतात म्हणून औषध वाढवत बसू नये.

आता गजकर्णाच्या गोळ्यांकडे. एखाद-दुसरा छोटा चट्टा असेल तर मलम पुरतं. चट्टे अनेक ठिकाणी असतील, मोठे असतील, परत परत येत असतील किंवा आधी स्टेरॉइड लावलं गेलं असेल तर पोटातून औषध लागतंच.

बुरशीच्या पेशीचं आवरण अर्गोस्टेरॉल नावाच्या पदार्थावर टिकून असतं. माणसाच्या पेशीत त्याजागी कोलेस्टेरॉल असतं, म्हणून अर्गोस्टेरॉलची निर्मिती रोखली तर बुरशी मरते आणि आपण शाबूत राहतो. टर्बिनाफिन ही साखळी सुरुवातीच्या टप्प्यावर तोडतं, इट्राकोनाझोल पुढच्या टप्प्यावर. टर्बिनाफिन 250 मिलिग्रॅम रोज एक ही वर्षानुवर्षांची पहिली पसंती होती. अडचण अशी झाली की भारतात पसरलेल्या बुरशीत, ट्रायकोफायटॉन इंडोटिनी तिचं नाव, टर्बिनाफिन ज्या एन्झाइमला चिकटतं त्याच जागी बदल झाले आहेत. अशा बुरशीवर टर्बिनाफिन कमी पडतं. वाराणसीच्या त्वचारोगतज्ज्ञांनी 200 रुग्णांवर चार औषधांची तुलना करून 2020 मध्ये प्रसिद्ध केली. आठ आठवड्यांनंतर इट्राकोनाझोलने सुमारे दोन-तृतीयांश रुग्ण बरे झाले होते, टर्बिनाफिनने त्याच्या निम्मेही नाहीत. ग्रिसिओफुल्विन सर्वांत मागे होतं. 'आठवड्याला एक फ्लुकोनाझोल 150' हा लोकप्रिय उपायही या आजारात सहसा तोकडा पडतो.

म्हणून आज बहुतेकांना इट्राकोनाझोल मिळतं, साधारणपणे दिवसाला 100 ते 200 मिलिग्रॅम. आणि नेमकं हेच औषध घेण्याच्या पद्धतीबाबत सर्वांत लहरी आहे. साधी कॅप्सूल उघडून बघितली तर आत बारीक गोल दाणे असतात. साखरेच्या दाण्यावर औषधाचा थर चढवलेला असतो आणि तो विरघळायला पोटातलं आम्ल लागतं. उपाशीपोटी, चहाबरोबर किंवा दोन बिस्किटांवर घेतलेली कॅप्सूल बऱ्याच प्रमाणात वाया जाते. ती पूर्ण जेवणानंतर लगेच घ्यायची, ताटावरून उठल्या उठल्या. भाजी-पोळी-आमटी-भात असं तेल-तुपाचं नेहमीचं जेवण उत्तम.

दुसरी चूक घरोघरी होते. 'गोळ्या गरम पडतील' म्हणून बरोबर ॲसिडिटीची गोळी घेतली जाते. पँटोप्राझोल, ओमेप्राझोल, रॅबेप्राझोल ही आम्ल कमी करतात, मग इट्राकोनाझोल नीट शोषलं जात नाही. त्यातून पँटोप्राझोलबरोबर डोम्पेरिडोन असलेली कॅप्सूल, जी आपल्याकडे जवळपास प्रत्येक चिठ्ठीत असते, ती तर इट्राकोनाझोलबरोबर मुळीच घेऊ नये. डोम्पेरिडोनचं रक्तातलं प्रमाण वाढून हृदयाचे ठोके बिघडू शकतात. पातळ अँटासिड अगदीच हवं असेल तर कॅप्सूलनंतर किमान दोन तासांनी. ॲसिडिटीची गोळी सोडणं शक्यच नसेल तर कॅप्सूल साखरेच्या कोला पेयाबरोबर घ्यायला सांगतात, कारण ते पेय आम्लयुक्त असतं.

दाण्यांची संख्या, आकार आणि थराची प्रत कंपनीगणिक बदलते, आणि त्याप्रमाणे शोषणही. एक ब्रँड दोन आठवडे, मग दुकानात जो स्वस्त असेल तो, असं करू नये. 'एसबी' म्हणून मिळणाऱ्या कॅप्सूलमध्ये औषध अधिक शोषलं जाईल अशा रूपात असतं, म्हणून त्यावरचा मिलिग्रॅमचा आकडा कमी दिसतो. साध्या 100 च्या जागी एसबी 100 असा बदल स्वतःहून केला तर डोस भलताच होतो.

इट्राकोनाझोल सगळ्यांसाठी नाही. हृदय कमजोर असलेल्यांना, पायांवर सूज आणि धाप असलेल्यांना ते देत नाहीत, कारण ते हृदयाच्या आकुंचनाची ताकद कमी करतं. कोलेस्टेरॉलसाठी सिम्वास्टॅटिन चालू असेल तर दोन्ही एकत्र चालत नाहीत, स्नायूंना इजा होते. अटोर्व्हास्टॅटिन चालू असेल तर डॉक्टरांना सांगितलंच पाहिजे. रक्तदाबाच्या अॅम्लोडिपिनचा परिणाम वाढून घोट्यांवर सूज येते. उलट टीबीचं रिफॅम्पिसिन आणि फिटचं फेनिटॉइन किंवा कार्बामेझेपिन इट्राकोनाझोलला रक्तात टिकूच देत नाहीत, मग कितीही आठवडे घेतलं तरी उपयोग शून्य. गरोदर बाईने पोटातून घेऊ नये, तिला क्लोट्रिमाझोलचं मलम सुरक्षित आहे. टर्बिनाफिनने काहीजणांची चव जाते, औषध थांबवल्यावर ती बहुतेकदा हळूहळू परत येते. दोन्ही औषधांत यकृताकडे लक्ष ठेवावं लागतं. महिनाभराहून जास्त घ्यायचं असेल, दारू चालत असेल किंवा आधी कावीळ झालेली असेल तर सुरुवातीला रक्ताची तपासणी करून घ्यावी. लघवी गडद, डोळे पिवळे, अन्नावरची वासना उडाली, यातलं काहीही दिसलं तर गोळी त्याच दिवशी बंद करून डॉक्टरकडे जायचं.

मलमाचा हिशोब फारसा कुणी करत नाही, म्हणून तो मांडतो. तर्जनीच्या टोकापासून पहिल्या पेरापर्यंत पिळलेली रेघ म्हणजे सुमारे अर्धा ग्रॅम, आणि तेवढं मलम बोटांसकट दोन तळहातांएवढ्या जागेला पुरतं. दोन्ही जांघा आणि नितंबांवर मिळून चार तळहात जागा असेल तर एका वेळी एक ग्रॅम लागतं. क्लोट्रिमाझोलसारखं दिवसातून दोनदा लावायचं मलम असेल तर 10 ग्रॅमची ट्यूब पाच दिवसांत संपली पाहिजे. सहा आठवड्यांना आठ-नऊ ट्यूब होतात. एकच ट्यूब महिनाभर पुरवणाऱ्याने उपचार केलेलाच नसतो. लुलिकोनाझोल 1 टक्का दिवसातून एकदाच लावायचं असतं, त्याला निम्मं पुरतं.

चट्टा जिथे संपलेला दिसतो तिथे बुरशी संपत नाही. कडेच्या बाहेर दोन सेंटिमीटर निरोगी दिसणाऱ्या त्वचेलाही मलम लावायचं, बाहेरून सुरू करून आत यायचं, म्हणजे बोटाने बुरशी बाहेर पसरत नाही. आंघोळीनंतर जागा पूर्ण कोरडी करून, पातळ थर. पांढरा लेप राहील इतकं लावून उपयोग नाही. त्यावर पावडर टाकू नये. आधी आणि नंतर हात धुवावेत. त्या जागेचे केस वस्तऱ्याने काढू नका, बुरशी केसाच्या मुळाशी उतरली की तिथे मलम पोचत नाही.

किती दिवस? आजच्या गजकर्णाला चार आठवडे ही सुरुवात समजावी. सहा-आठ आठवडे नेहमीचे, स्टेरॉइड बरंच लावलेल्यांना त्याहून जास्त. खाज दहाव्या दिवशी थांबते आणि बहुतेक लोक अकराव्या दिवशी थांबतात, हाच आजार परत येण्याचा राजमार्ग. चट्टा पूर्ण गेल्यावरही मलम आणखी दोन आठवडे चालू ठेवायचं. 'पूर्ण गेला' हे ओळखायला डोळ्यांपेक्षा बोट बरं. डोळे मिटून जागेवरून बोट फिरवा. कड उंच लागते, खरखर लागते, तर बुरशी अजून आहे. सपाट आणि गुळगुळीत लागतं, खाज नाही, फक्त तपकिरी-काळा रंग उरला आहे, तर तो डाग आहे. तो महिन्यांनी आपोआप फिका होतो, त्याच्यासाठी गोळ्या वाढवायच्या नाहीत आणि 'डाग घालवायची' ट्यूब तर आणायचीच नाही, तिच्यात पुन्हा स्टेरॉइड असू शकतं.

घरातल्या एकाने औषध घेतलं आणि बाकीच्यांनी लपवलं तर सगळं व्यर्थ. आणि लपवतात, जांघेतला आजार म्हणून. सासूबाई डॉक्टरला दाखवायला लाजतात, नवरा 'घामोळं आहे' म्हणतो. ज्यांना ज्यांना चट्टे आहेत त्यांचा उपचार एकाच वेळी सुरू व्हायला हवा. टॉवेल, पंचा, अंतर्वस्त्रं, लेगिंग वेगळी. रुग्णाचे कपडे सगळ्यांच्या कपड्यांत एकत्र न धुता 60 अंशांच्या गरम पाण्यात, मग उलटे करून उन्हात, आणि पावसाळ्यात ऊन नसेल तर शिवणींवरून गरम इस्त्री. गळून पडलेल्या खवल्यांत बुरशी महिनोन् महिने जिवंत राहते. मुंबई-कोकणात जुलैत कपडे वाळत नाहीत आणि लोक दमट जीन्स तशीच चढवतात. त्यापेक्षा सैल सुती पँट बरी, ती पंख्याखालीही वाळते.

कमरेचा करगोटा, दंडातला गंडा, मनगटावरचे दोरे हीही नीट बघायची जागा. घामाने भिजलेला दोरा कधी वाळत नाही, त्यात खवले अडकतात, आणि औषधाने साफ झालेल्या त्वचेवर बुरशी तिथून परत येते. उपचार चालू असेपर्यंत तो काढून ठेवावा. श्रद्धेने काढता येत नसेल तर निदान नवा बांधावा आणि रोज आंघोळीनंतर कोरडा करावा. चांदीचा करगोटा असेल तर तो घासून धुता येतो.

मुलांच्या डोक्यातलं गजकर्ण, म्हणजे केस तुटून पडलेला खवलेदार गोल, मलमाने जात नाही. तिथे पोटातूनच औषध लागतं, मुलाच्या वजनावरून ठरवलेलं. नखांची बुरशीही तशीच हट्टी. टर्बिनाफिन हाताच्या नखांना सहा आठवडे, पायाच्या नखांना बारा आठवडे देतात, पण पायाच्या अंगठ्याचं नख पूर्ण नवं यायला वर्ष-दीड वर्ष लागतं. बारा आठवड्यांनी नख खराबच दिसणार. बुडाशी स्वच्छ नख येत असेल तर औषध लागू पडलं आहे.

परदेशात राहणाऱ्यांसाठी एक नोंद. ट्रायकोफायटॉन इंडोटिनीला हे नाव 2020 मध्ये जपानमधल्या संशोधकांनी भारतीय आणि नेपाळी रुग्णांच्या नमुन्यांवरून दिलं. ती युरोपातही आढळली आहे, 2023 मध्ये न्यूयॉर्कमधल्या दोन रुग्णांची नोंद झाली. तिथला फॅमिली डॉक्टर बहुधा आधी इसब समजून स्टेरॉइड देईल, नाहीतर दोन-चार आठवडे टर्बिनाफिन. त्याला तीन गोष्टी स्पष्ट सांगा: तुम्ही भारतात कधी जाऊन आलात किंवा भारतातून कोण येऊन राहिलं, घरात आणखी कुणाला चट्टे आहेत, आणि आतापर्यंत कोणती मलमं लावली. नावं आठवत नसतील तर रिकाम्या ट्यूबच्या मागच्या बाजूचे फोटो घेऊन जा. खवल्यांची तपासणी मागा, नमुना बुरशी वाढवून ओळखायला प्रयोगशाळेत पाठवायला सांगा, आणि टर्बिनाफिनने महिन्यात काहीच फरक नसेल तर इट्राकोनाझोलबद्दल विचारा.